खो उशिरा दिला की गडी सुटतो: कंपन्यांच्या एकदिवसीय खो-खो कार्यशाळेचं परीक्षण

‘खेळातून नेतृत्व’ या नावाने कंपन्यांना जे एकदिवसीय कार्यक्रम विकले जातात, त्यांत दोरीखेच आणि बॉक्स क्रिकेटच्या जोडीला खो-खोही असतो. खेळाची निवड एकदम योग्य. दिवसाची आखणी मात्र बहुतेक ठिकाणी फसलेली असते.

आधी खेळाबद्दल. पाठलाग करणाऱ्या संघाच्या मैदानात उतरलेल्या नऊ जणांपैकी आठ जण मधल्या पट्टीत एकाआड एक उलट दिशेला तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबाला वळसा घातल्याशिवाय मागेही फिरता येत नाही. पळणारा मात्र हवा तसा मधून पार होतो. तो पलीकडे गेला की पाठलाग करणाऱ्याने काय करायचं? पलीकडे तोंड करून बसलेल्याच्या पाठीला हात लावून स्पष्ट ‘खो’ म्हणायचं आणि त्याची जागा घेऊन खाली बसायचं. हातातोंडाशी आलेला गडी दुसऱ्याच्या हवाली करायचा! तीन अचूक खो देऊन ज्याने गडी कोंडीत पकडला, त्याचं नाव गुणपत्रिकेत येतच नाही. गुण लागतो शेवटी स्पर्श करणाऱ्याच्या नावावर. टीमलीड झालेल्या हुशार माणसाला सगळ्यांत जड जातं ते हेच, आणि इथे त्याला ते पायांनी शिकावं लागतं.

चुकाही ऑफिसातल्यासारख्याच. खो उशिरा दिला तर नवा गडी उठेपर्यंत पळणारा दोन पाट्या (मैदानावरच्या आडव्या पट्ट्या) पुढे गेलेला असतो. हात लागला पण शब्द नीट उमटला नाही, किंवा खो मिळण्याआधीच बसलेला उठला, तर फाऊल. मग पाठलाग उलट दिशेने सुरू करावा लागतो, म्हणजे पळणाऱ्याला फुकटचा श्वास. ‘मी सांगितलं होतं की’ या सबबीला मैदानावर जागा नाही.

बचावाची बाजू कार्यशाळांमध्ये जवळजवळ वाया जाते. पळणारे तिघा-तिघांच्या तुकड्यांनी उतरतात. सगळ्यांत चिवट तिघं पहिल्याच तुकडीत टाकायचे की तुकडीमागे एक वाटून द्यायचा, साखळी कोण धरणार (बसलेल्यांमधून नागमोडी पळणार), गोल कोण पळणार (वर्तुळात फिरत राहणार), खांबापाशी सूर मारणारा समोर बसलेला असताना तिकडे कोणी फिरकायचंच नाही, हे सगळं कर्णधाराने आधी ठरवायचं असतं. खरं नेतृत्व इथे आहे. आयोजक नेमकं हेच स्वतः उरकून टाकतात.

आता बिघाड. चाळीस जणांमागे एक प्रशिक्षक, आणि कर्णधारपद हटकून विभागप्रमुखाकडे. साहेबांना बाद करायला कोणाचा हात उचलत नाही. खेळ तिथेच संपतो. दुसरी अडचण गुडघ्यांची. नऊ मिनिटांचा पूर्ण डाव उकिडवं बसून काढणं खुर्चीवर दिवस घालवणाऱ्यांना झेपत नाही. त्यावर उपाय म्हणून स्टुलं देतात, पण स्टुलावरून उठण्याचा वेग वेगळा असल्यामुळे खो देण्याची वेळच चुकते. त्यापेक्षा तीन मिनिटांचे डाव ठेवावेत. आणि शेवटी तासभर स्लाइड: खो म्हणजे ‘डेलिगेशन’, खांब म्हणजे ‘व्हिजन’. हा तास बिनदिक्कत कापा.

पैसे देण्याआधी एवढं मागून घ्या. प्रत्येक चोवीस जणांमागे, म्हणजे बारा-बाराच्या दोन संघांमागे, एक प्रशिक्षक आणि एक पंच. किमान वीस मिनिटं अंग मोकळं करणं, त्यात मांडीच्या मागच्या स्नायूंवर भर. इजा होते ती तिथेच. 120 ते 125 सेंटिमीटर उंचीच्या दोन्ही खांबांना फोमचं वेष्टण. सूर मारायला सक्त मनाई. कर्णधार चिठ्ठ्या टाकून, आणि दर डावाला नवा. गुणलेखकाने फाऊल प्रकारवार लिहायचे: उशिरा खो, अस्पष्ट खो, आधीच उठणं. पहिल्या दोन डावांनंतर तो कागद संघाच्या हातात द्यायचा, दहा मिनिटं त्यांनाच भांडू द्यायचं आणि पुन्हा खेळवायचं. दुसऱ्या खेपेला फाऊल किती उतरले, हे दिवसाचं एकमेव मोजता येणारं फळ.

माहितीपत्रकात ‘खेळाडू मोठ्या पदांवर पोहोचतात’ असा दावा हमखास असतो. त्यामागे आधार आहेही. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि ईएसपीएनडब्ल्यू हे स्त्रियांच्या खेळांना वाहिलेलं क्रीडामाध्यम यांच्या 2014 च्या पाहणीत कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवरच्या 52 टक्के स्त्रिया विद्यापीठ पातळीवर खेळलेल्या होत्या. पण खेळामुळे त्या वर गेल्या, की खेळायला मोकळीक देणारी घरं आणि कॉलेजं लाभल्यामुळे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. शिवाय तो आकडा वर्षानुवर्षं खेळलेल्यांचा आहे, एका शनिवारचा नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघांचे कर्णधार, प्रतीक वायकर आणि प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचेच. मैदानावरच्या त्यांच्या निर्णयांमागे लहानपणापासूनचा सराव आहे.

त्यामुळे एका दिवसाऐवजी त्याच पैशात आठवड्यातून एक संध्याकाळ, असे दोन-तीन महिने मिळत असतील तर तेच घ्या. अनेक गावांत खो-खोचे जुने संघ आहेत; आधी तिथल्या प्रशिक्षकांना विचारा. बूट पातळ तळव्याचे हवेत, जाड कुशनच्या जॉगिंग शूजमध्ये वळताना घोटा मुरगळतो. मातीचं मैदान आदल्या संध्याकाळी पाणी मारून दाबलेलं असावं. सकाळी पाणी मारलं, तर पहिला डाव घसरण्यातच जातो.