स्वयंसेवी पर्यटन : दोन आठवड्यांची फेरी की सहा महिन्यांचा मुक्काम?

प्रवासाला जोडून काही उपयोगी काम करावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे बहुधा दोन पर्याय असतात : शुल्क भरून केलेली दोन आठवड्यांची आयोजित फेरी, किंवा स्थानिक संस्थेला हवे असलेले कौशल्य घेऊन केलेला काही महिन्यांचा मुक्काम. हेतू दोन्हीकडे चांगलाच असतो, त्यामुळे केवळ हेतू पाहून निवड करता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ आइसेक आयझेन यांनी १९९१ साली सविस्तर मांडलेल्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तानुसार माणसाचा इरादा तीन गोष्टींनी घडतो : त्या कृतीविषयीचे मत, जवळच्यांची अपेक्षा आणि ती आपल्याला जमेल हा भरवसा. फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीत. छोट्या फेरीत ‘जवळचे’ म्हणजे सोबतचे पर्यटक. त्यांना छायाचित्रे हवी असतील, तर आपणही ती काढू लागतो. दीर्घ मुक्कामात मात्र रोजच्या कामातले स्थानिक सहकारीच आपल्याला जोखतात आणि पाणी, कचरा, पेहराव यांबाबतच्या आपल्या सवयी त्यांच्या नजरेखाली बदलतात.

तरीही छोटी फेरी सरसकट वाईट नाही. १९७१ साली स्थापन झालेली अर्थवॉच ही संस्था स्वयंसेवकांना शास्त्रज्ञांच्या क्षेत्रीय कामात थोड्या दिवसांसाठी सामील करून घेते. कासवांच्या किनाऱ्यावर रात्री मंद लाल प्रकाशात चालणे, घरट्याची नोंद करणे, पिल्ले पांढऱ्या उजेडाकडे भरकटतात म्हणून विजेरी न लावणे, हे नियम एका संध्याकाळी शिकता येतात आणि माणसे बदलली तरी नोंदवही तीच राहते. मुलांच्या बाबतीत हे लागू नाही. दर पंधरवड्याला नव्या पाहुण्याला बिलगायचे आणि मग त्याला निरोप द्यायचा, हा क्रम मुलांना जाचतोच. शिवाय पाहुण्यांच्या पैशासाठी आईवडील हयात असलेली मुलेही अनाथालयांत आणली जातात. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ मध्ये आधुनिक गुलामगिरीविषयीच्या अहवालात या तस्करीची दखल घेतली. तेव्हा अनाथालयातील फेरी, कितीही स्वस्त असली तरी, यादीतून काढावी.

दीर्घ मुक्कामाला रजा, पैसा आणि भाषेची तयारी लागते, हे खरे. ती नसेल, तर मोजणी-नोंदणीचे छोटे काम निवडावे. बांधकामाचे नको, कारण वीट रचायला स्थानिक गवंडी असतो आणि त्याची मजुरी बुडते. पैसे भरण्यापूर्वी संस्थेला एवढे विचारावे : स्वयंसेवक आले नाहीत, त्या महिन्यात हे काम कोण करते?