प्रौढांचा वाचनवर्ग: आधी तपासणी कोणती, मग शिकवणी कशावरून?

गावातल्या पंधरा-वीस जणांचा वाचनवर्ग काढायचा म्हटलं की स्वयंसेवक किंवा सीआरपी ताई (बचत गटांचं काम पाहणारी गावातली कार्यकर्ती) आधी पुस्तक कोणतं ते विचारतात. पुस्तकाआधी तपासणी ठरवा. यादीत ‘निरक्षर’ म्हणून नाव असलेल्यांत तिसरी-चौथीत शाळा सुटलेले बरेच निघतात. अक्षरं ओळखतात, मात्रा लागली की अडखळतात, जोडाक्षर आलं की थांबतात. त्यांना पुन्हा ‘अ’ गिरवायला बसवलं तर थोड्याच दिवसांत यायचे बंद होतात.

तपासणी

तोंडी पायरी-चाचणी सगळ्यात स्वस्त. ‘असर’ या मुलांचं वाचन तपासणाऱ्या सर्वेक्षणात 2005 पासून वापरतात तीच धाटणी: अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. सुरुवात उताऱ्यापासून. नीट वाचला तर गोष्ट द्यायची, अडकला तर शब्दांवर उतरायचं, तिथंही जमलं नाही तर अक्षरांवर. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की ती पायरी पक्की. माणशी सात-आठ मिनिटं पुरतात. मजकूर मोठ्यांचा ठेवा, चाळिशीतल्या बाईपुढे ससा-कासव नको. आणि एकेकाला बाजूला बसवून घ्या. सासू त्याच ओट्यावर असली तर सून तोंडच उघडणार नाही. या चाचणीत समज कळत नाही, म्हणून वाचून झाल्यावर कागद पालथा घालून दोन प्रश्न विचारायचे.

उल्लासची (नवभारत साक्षरता कार्यक्रम, 2022 ते 2027, वय 15 आणि पुढे) परीक्षा 150 गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50, आणि तिन्ही भागांत 33 टक्के लागतात. उत्तीर्णांना प्रमाणपत्र मिळतं. ज्याला ते हवं त्यानं ती द्यावीच. वर्ग लावायला मात्र तिचा उपयोग थोडा. वाचनात 20 गुण मिळालेला माणूस मात्रेत अडला की गतीत, ते गुणांवरून दिसत नाही.

तिसरा पर्याय कामाच्या कागदाचा, आणि उतारा वाचणाऱ्यांसाठी आमची पसंती यालाच. सातबारा हाती द्या आणि विचारा: गट क्रमांक कोणता? ‘इतर हक्क’मध्ये कोणाचा बोजा दिसतो? क्षेत्र 0.81 हेक्टर म्हणजे किती एकर? (दोन.) मग फवारणीच्या औषधाचा डबा. चौकोनाच्या खालच्या त्रिकोणात लाल रंग म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. रंग बरेच जण सांगतात. औषधाचं प्रमाण हेक्टरी छापलेलं असतं आणि पाठीवर 15 लिटरचा पंप. तिथं वाचन आणि हिशेब दोन्ही लागतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास जीव गेले. त्यामागं कारणं अनेक होती, तरी लेबल वाचता येणं हा जुजबी विषय राहिलेला नाही.

या चाचणीतली फसगत अशी: स्वतःच्या जॉबकार्डावरचं नाव माणूस वाचत नाही, त्याला ते पाठ असतं. दुसऱ्याच नावाची नमुना प्रत करून ठेवा.

शिकवणी

वर्णमालेच्या क्रमानं शिकवणं शिकवणाऱ्याला सोपं, शिकणाऱ्याला लांबचं. ‘ङ’ आणि ‘ञ’वर दिवस जातात आणि वाचण्याजोगा शब्द उशिरा हाती लागतो. त्यापेक्षा अक्षरगट बरा. क, म, र, न, स आणि काना एवढ्यावर काम, मका, रान, सरकार हे शब्द पहिल्या आठवड्यात वाचून होतात. पुढं दर आठवड्याला पाच-सहा अक्षरं आणि एखादी मात्रा. पहिली वेलांटी सावकाश घ्या. ती लिहितात अक्षराआधी आणि ऐकू येते नंतर. रफाराचं उलट. कर्ज, अर्ज, खर्च, वर्धा हे रोजच्या कागदावरचे शब्द, तरी ‘कर्ज’चा ‘कजर’ होतो, कारण ‘र’ आधी बोलायचा पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. शब्द फोडून लिहा, क-र्-ज, आणि असे दहा शब्द सलग वाचून घ्या.

कागदावरून शिकवणं तेव्हाच, जेव्हा उतारा जमतो. अक्षराच्या पायरीवरच्या माणसापुढे सातबारा ठेवला तर तो अंदाज बांधायला शिकतो. म्हणून एकाच वर्गात दोन चटया: एकीवर अक्षरगट, दुसरीवर कागद. शिकवणारा एकटाच असेल तर दुसऱ्या चटईला आधी काम देऊन पहिलीकडे यायचं.

पुस्तक कोणतंही घ्या, तीन गोष्टी आधी बघा. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसतं. कागद हात लांब करून धरणाऱ्याला आधी चष्मा हवा, वर्ग मागून. आकडे दोन्ही शिकवा, कारण देवनागरी आकडे शिकलेल्याला बँकेच्या पासबुकातले आकडे अडतात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी-माडिया बोलणाऱ्यांचा उच्चार वेगळा पडला तर तो चुकीत धरू नका, अर्थ त्यांच्याच बोलीत विचारा.

वेळापत्रक हंगाम पाहून लावा. निंदण आणि कापूस वेचणीत बाया दिवसभर वावरात, विदर्भाच्या पूर्वेकडे धानाच्या रोवणीत आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्यावर. त्या दिवसांत रोजच्या तासाऐवजी आठवड्यातून दोनदा रात्री अर्धा तास, तोही फक्त उजळणीचा. हंगाम उरकून वर्ग भरला की पहिल्या दिवशी तोंडी चाचणी पुन्हा घ्या आणि ज्याची पायरी उतरली असेल त्याला काही दिवस मागच्या चटईवर बसवा.