गटारीच्या रविवारी चार स्पॅनिश बाटल्या

आमच्या वर्तकनगरच्या घरात गटारी म्हणजे दोन रांगा. सकाळी नवरा मटणाच्या रांगेत, संध्याकाळी दीर वाइन शॉपच्या. या दुकानांना वाइन शॉप का म्हणतात ते मला कधी कळलं नाही. सगळीकडे व्हिस्की, रम, बिअर आणि वाइन बिचारी कोपऱ्यातल्या एका फळीवर, धूळ खात. यंदा त्या फळीपुढे मीच जाऊन उभी राहिले. एकवीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये मसाल्याच्या कंपनीत क्वालिटी लॅबला आहे. दिवसभर धणे-जिरे हुंगणाऱ्या बाईला वाइन हुंगायला काय जड आहे, असा माज होता.

स्पॅनिशच का? तर फ्रेंचच्या किमती वाचून मी दोन पावलं मागे सरकले होते. स्पेनमध्ये साधी चांगली रेड पाच-सहा युरोंत मिळते. इथे येईपर्यंत तिच्यावर आयात शुल्कच १५० टक्के चढत आलंय, वर राज्याचे कर. तरी परदेशी बाटल्यांत त्यातल्या त्यात परवडणारी तीच. चार बाटल्यांचं बिल आठ हजारांच्या थोडं आत आलं. दीर म्हणाला, “वहिनी, एवढ्यात दोन गटाऱ्या झाल्या असत्या.”

नियम लॅबचे. नवऱ्याने बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, रबरं लावली, वर अ, ब, क, ड लिहिलं. त्याला नावं माहीत, म्हणून तो परीक्षकांतून बाद. त्याने मटणाकडे बघायचं. चाखणार मी, दीर आणि जाऊबाई.

पहिल्याच घोटाला चारही बाटल्यांना सारखाच वास, स्पिरिटचा. चूक माझी. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची म्हणतात, पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आमचा हॉल जुलैत पंखा लावूनही एकोणतीसवर. सगळ्या बाटल्या अर्धा तास फ्रिजमध्ये, ताकाच्या पातेल्याशेजारी. बाहेर काढल्या तर चार वेगळ्या बाया!

अ होती कांपो व्हिएहो, रियोहा भागातली टेंप्रानिलो. ‘तेंप्रानो’ म्हणजे लवकर; हे द्राक्ष इतरांच्या आधी पिकतं म्हणून ते नाव. पिकलेली चेरी, मागे ओकच्या पिंपाचा जरासा व्हॅनिला. जाऊबाई म्हणाल्या, “शहाण्या मुलीसारखी आहे.” खरंच तशी. खोट काढता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी आठवतही नाही.

क ची गोष्ट निराळी. कागद काढल्यावर ती तोरेसची सांग्रे दे तोरो निघाली, मुख्यतः गार्नाचा द्राक्षाची. १९५४पासून हे नाव चालू आहे. गळ्यात छोटासा बैल अडकवलेला, तो पुतण्याने लगेच पोळ्याच्या मातीच्या बैलांत नेऊन उभा केला. नावाचा अर्थ ‘बैलाचं रक्त’; तो सासूबाईंना सांगितला नाही. त्या पीत नाहीत, पण ग्लास नाकाशी धरून म्हणाल्या, “आमसुलाला मिरी लावलीय कोणीतरी.” एकवीस वर्षांच्या लॅबला जे सुचलं नव्हतं ते हेच! आंबटगोड, हलकी, शेवटी मिऱ्याची चुणचुण.

ड हुमिया भागातली मोनास्त्रेल. या द्राक्षाला फ्रान्समध्ये मूर्वेद्र म्हणतात. हुमिया म्हणजे स्पेनच्या आग्नेयेकडचा रखरखीत, कमी पावसाचा मुलूख; जाड सालीचं हे द्राक्ष तिथे उन्हात सुखाने पिकतं. ग्लासात जवळजवळ काळी. इंग्रजी वर्णनांत ज्याला टॅनिन म्हणतात, त्याला आपल्याकडे केव्हाचा शब्द आहे, तुरटपणा. मूठभर जांभळं खाल्ल्यावर जीभ टाळ्याला चिकटते ना, तस्संच. दिराला हीच आवडली. मला पहिल्या दिवशी नाही.

आता ब. सर्वांत महाग, क्रियांझा. रियोहात क्रियांझा म्हणवायला रेड किमान दोन वर्षं मुरावी लागते, त्यातलं एक पिंपात. रेझेर्वाला तीन वर्षं, ग्रान रेझेर्वाला पाच. म्हणजे हे शब्द मुरण्याची मुदत सांगतात. आवडण्याची हमी त्यात नसते. अमेरिकन ओकमुळे तिला खोबऱ्यासारखा वास येतो असं वाचलं होतं, म्हणून मी नारळाची वाट पाहत होते. आला ओल्या पुठ्ठ्याचा वास. जाऊबाईंनी आधी भिंतीकडे पाहिलं, मग शूज रॅककडे. ठाण्याच्या पावसाळ्यात असा वास आला की माणूस आधी स्वतःच्या घरावरच संशय घेतो. मी ग्लास घेऊन गॅलरीत गेले, तिथेही तोच. बुचाचा दोष. बुरशीमुळे बुचात एक रसायन तयार होतं आणि ते वाइनचा फळांचा वास गिळून टाकतं. पोटाला अपाय नाही, पण पिण्यात अर्थही नाही. दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन दुकानात गेले. काउंटरवरचा म्हणाला, “मॅडम, दारू कधी खराब होते का?” पैसे गेले. क्रियांझाबद्दल म्हणून मी अजून मत दिलेलं नाही.

खरी परीक्षा जेवणात. नवऱ्याचं सुकं मटण झणझणीत होतं, आणि तिथे ड तोंडावर आपटली. तिखटाने तुरटपणा दुप्पट वाटतो, वर अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं. दिराच्या कपाळावर घाम. अ गप्प बसली. क मात्र, फ्रिजमधून नुकतीच आलेली, त्या मटणाशी सोलकढीसारखी वागली. जाऊबाईंनी वांग्याच्या भरतासोबतही तीच घेतली, तर भाजल्याचा धुरकट वास आणि ते आमसूल छान जुळून गेले. तिला दहापैकी साडेआठ, अ ला सहा.

ड ला रविवारी पाच दिले होते. उरलेली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि मंगळवारी ऑफिसातून आल्यावर चीज लावलेल्या टोस्टबरोबर घेतली. तुरटपणा बसला होता, खाली काळ्या मनुका सापडल्या. मिठाने आणि चरबीने तिचा हट्ट जातो. सात. लॅबच्या वहीत दुरुस्ती करताना करतो तशी आधीच्या आकड्यावर एकच रेघ मारली, खाली सही केली.

अजून कपभर उरलीय आणि श्रावण लागलाय. दिराचा मेसेज: “वहिनी, द्राक्षंच आहेत ना शेवटी?”