सव्हॅना : गुडघे सांभाळा, जहाज चुकवू नका

मुंबईच्या गोदीत ३१ वर्षं घालवलेल्या माणसाला नदीकाठची बाग दाखवून काय विशेष वाटणार? पण अमेरिकेत अटलांटाहून मुलीने चार तास गाडी हाणत सव्हॅना या नदीकाठच्या बंदर-शहरात नेलं आणि मी गप्प झालो.

वरच्या अंगाला एमेट पार्क. जुने ओक, फांद्यांवरून राखाडी जटा लोंबताहेत, खाली बाक. एवढ्यावरही माझं भागलं असतं. तिथून खाली नदीलगतच्या रिव्हर स्ट्रीट या रस्त्याला उतरायच्या दगडी पायऱ्या मात्र उंच नि वेड्यावाकड्या, सौ.ने दुसऱ्याच पायरीवर माझा दंड धरला. खालचे गोटे म्हणजे जुन्या शिडाच्या जहाजांनी तोल राखायला भरून आणलेले दगड. इतिहास म्हणून ठीक, चपला घालून जाऊ नका.

मोरेल पार्कात रुमाल हलवणाऱ्या बाईचा पुतळा आहे, शेजारी तिचा कुत्रा. ही फ्लॉरेन्स मार्टस. १८८७ ते १९३१, येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांना तिने हात केला. ४४ वर्षं! आमच्याकडे कुणी हजेरीसुद्धा इतकी नेमाने लावली नाही.

तेवढ्यात कंटेनरचं एक अजस्र जहाज आलं, इतकं जवळून की डेकवरचा खलाशी दिसला. मी टोपी हलवली. त्यानेही हात केला.

पलीकडच्या तीरावर नेणारी फेरी फुकट आहे. सावली कमी, आइस्क्रीम महाग. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, घाम थेट मुंबईचा.