डाळिंबाच्या कॅप्सूल : पाच महिने, दोन बाटल्या, तीन फोन

बाटलीवर पुढे भलं मोठं '१००० मिग्रॅ', आत ६० कॅप्सूल. रोज एक, म्हणजे दोन महिन्यांची सोय झाली असं धरून बसलो. एकोणिसाव्या दिवशी चष्मा लावून मागचं लेबल वाचलं, तर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत 'एक मात्रा : दोन कॅप्सूल'. म्हणजे एकीत ५००च! तीनदा फोन केला, तिन्ही वेळा एकच उत्तर : "सर, लेबलवर मेन्शन केलेलं आहे." अहो, आहे, पण पुढे का नाही?

चिडायचं कारण असं की १००० चा आकडा महत्त्वाचा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात जो प्रयोग झाला, त्यात पळायच्या अर्धा तास आधी १ ग्रॅम अर्क दिला होता. ट्रेडमिलवर दमेपर्यंतचा वेळ वाढला, रक्तप्रवाहही सुधारला. मी १९ दिवस अर्ध्या मात्रेवर वेताळ टेकडी चढत होतो आणि 'काहीच फरक नाही' म्हणून गावभर सांगत होतो. ते मागे घेतो.

पुढे रोज दोन सुरू केल्या. चढावर दम थोडा उशिरा लागतो हे खरं. १० किलोमीटरला मिनिटभर कमी लागलं, पण तोवर थंडीही पडली होती, त्यामुळे सगळं श्रेय बाटलीला देणार नाही. उतरल्यावर मांड्या भरून येतात त्या येतातच. टेक्सासमध्ये २०११ साली डाळिंबाचा रस पाजून पाहिला होता, तेव्हा फायदा दिसला दंडाच्या स्नायूंना, मांड्यांना नाही. मी काय हातांवर पळतो?

आता हिशेब बघा. ६० मधून १९ गेल्या, उरल्या ४१. रोज दोन घेतल्यावर शेवटी एक एकटीच राहिली. ती वाटीत फोडली. लाल काही नाही, मातकट पूड. जिभेवर ठेवली तर तोंड आवळून आलं. आईने बोट लावून चाटलं आणि म्हणाली, "ही तर साल! पोट बिघडलं की तुझी आजी द्यायची. हिचे पैसे दिलेस?" दिले, १२९९. तिचंही चुकलं नाही. प्युनिकॅलॅजिन नावाच्या ज्या घटकासाठी हा अर्क विकतात, ते दाण्यांपेक्षा सालीतच भरपूर असतं.

तरीही दुसरी बाटली घेतली. कारण सांगायला लाजतो, पण टेकडीवर मध्येच आडोसा शोधायची वेळ आता येत नाही. बाटलीवर याचा कुठे उल्लेख नाही, आजीला मात्र ठाऊक होतं.

बाबांनी मागितल्या तेव्हा दिल्या नाहीत. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आधी डॉक्टरांना विचारू.

आता फक्त रविवारच्या लांब पल्ल्याआधी अर्धा तास, दोन. बाटलीत २२ आहेत, म्हणजे ११ रविवार. मोजून ठेवल्यात.