एक्झरसिझमवरचा ‘लिस्ट ऑप्स’: सराव उत्तम, पण सुरुवात त्याने नको

एलिक्सर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला एक्झरसिझम या सरावाच्या संकेतस्थळावर जाणार असाल तर ‘लिस्ट ऑप्स’ हा सराव चुकवू नका, फक्त पहिल्याच दिवशी तो उघडू नका. सेवा 2013पासूनची आणि मोफत. कोड ब्राउझरमध्येच लिहायचा, चाचण्याही तिथेच चालतात. यादीची लांबी, उलटी यादी, मॅप (प्रत्येक घटकावर तीच क्रिया), फिल्टर (निकषात बसणारेच घटक ठेवणं), दोन प्रकारच्या जोडण्या, डावा आणि उजवा फोल्ड (त्या बाजूने घटक एकेक घेत एकच उत्तर काढणं) अशी आठ फंक्शनं इथे स्वतः लिहायची असतात, तयार वापरायची नाहीत. निवड फार विचारपूर्वक केलेली आहे: फोल्ड हाताला बसला की बाकीची त्यातूनच काढता येतात.

नवख्याला मात्र आठ एकदम जड होतात. आधी ‘अ‍ॅक्युम्युलेट’ करा, म्हणजे मॅपच. मग ‘स्ट्रेन’, ज्यात निकषात बसणारे घटक ठेवायचे किंवा टाकायचे.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती यादीच्या शेवटी घटक जोडताना. एलिक्सरची यादी ही साखळी असते. शेवटी एक कडी लावायची तर आधीची सगळी साखळी नव्याने घडवावी लागते. 1000 घटक असे एकेक करून जोडले तर 4,99,500 नकला! घटक पुढे लावत जा आणि शेवटी एकदाच यादी उलटवा.

दोन फोल्डांतला फरक बेरजेत दिसणारच नाही. वजाबाकी घ्या: यादी 5, 3, 1 आणि सुरुवात 0 असेल तर डावीकडून ((0-5)-3)-1 म्हणजे -9 येतं, उजवीकडून 5-(3-(1-0)) म्हणजे 3.

फोंडा-डिचोलीकडे मुलांना शिकवणाऱ्यांनी याच्या जोडीला आपला एक छोटा सराव द्यावा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली हरमल मिरची, आमसुलं, मानकुराद आंबे. प्रत्येकाचा दर आणि वजन. फिल्टरने 1 किलोखालचे जिन्नस गाळायचे, मॅपने दर गुणिले वजन, रिड्यूसने (म्हणजे एलिक्सरमधल्या तयार डाव्या फोल्डने) बेरीज. आकडे निवडताना जपून: दरांची यादी 80, 90, 100 अशी दिली तर पडद्यावर पी, झेड, डी ही इंग्रजी अक्षरं उमटतात, कारण ते त्या अक्षरांचेच क्रमांक आहेत. हिशेब बरोबर असूनही मुलं गोंधळतात. यादीत एक दर 250 ठेवला की आकडेच दिसतात.

आणि रिकाम्या पिशवीची चाचणी हवीच. रिड्यूसला सुरुवातीचं 0 दिलं नसेल तर रिकाम्या यादीवर एरर येते. दिलं असेल तर बिल 0.