पीडीएफ बारीक करायची: वेबसाइटवर की स्वतःच्या कॉम्प्युटरवर?

अर्ज भरताना ‘फाइल २०० केबीच्या आत हवी’ असं दिसलं की बहुतेक जण सर्च करतात, पहिली सापडेल ती साइट उघडतात आणि फाइल तिच्यात ओढून टाकतात. काम होतंही. आयलव्हपीडीएफ, स्मॉलपीडीएफ ही नावं आता कुणाला सांगावी लागत नाहीत. पण असं काम वरचेवर पडायला लागलं की दोनच रस्ते उरतात: अशा एखाद्या साइटची पैसे भरून योजना घ्यायची, नाहीतर मोफत प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर टाकून घ्यायचा. मी दोन्ही वापरून पाहिलं आहे. सध्या दुसऱ्या रस्त्याने चाललोय, पण पहिल्याला नावं ठेवायचा इरादा नाही.

साइटचं पारडं जिथे जड आहे ते आधी सांगून टाकतो. काही इन्स्टॉल करावं लागत नाही. मोबाइलवर चालतं, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालतं, ऑफिसच्या कुलूपबंद मशीनवरही चालतं. पीडीएफची वर्डफाइल करायची असेल, तर माझ्या अनुभवात साइट्सचा निकाल मोफत प्रोग्रॅमपेक्षा बरा येतो. आणि वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी लागणाऱ्या कामासाठी प्रोग्रॅम शोधत बसणं म्हणजे वेळेचा अपव्ययच.

गोपनीयतेचा मुद्दा सगळेच काढतात. फाइल सर्व्हरवरून तास-दोन तासांत पुसतो असं या साइट्स सांगतात, आणि त्यावर अविश्वास दाखवायला माझ्याकडे कारण नाही. तरी ओळखपत्र आणि बँकेचं स्टेटमेंट मी वर चढवत नाही. सवय म्हणा हवं तर. पण माझा निर्णय झाला तो यावरून नाही.

निर्णय झाला तो एका कटकटीवरून. फाइल लहान करणं हे कधीच एका फटक्यात होत नाही. साइटवर बहुधा दोन-तीन पर्याय असतात: कमी, मध्यम, जास्त. मध्यम घेतलं तर फाइल मर्यादेच्या बरीच वर राहते. जास्त घेतलं तर ती मर्यादेच्या खूप खाली जाते, पण शिक्का आणि सही म्हणजे नुसता डाग. आपल्याला हवं असतं ते या दोघांच्या मधलं, आणि मध्ये काहीच नसतं. मग मूळ फाइलमधलं एखादं पान काढा, पुन्हा चढवा, पुन्हा उतरवा, पुन्हा मोठं करून बघा. घरच्या नेटचा अपलोडचा वेग बऱ्याचदा डाउनलोडपेक्षा कमी असतो, त्यामुळे लहान करायची म्हणून ती अख्खी मोठी फाइल आधी रांगत वर जाणार. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आणि नेमकं जमत आलं की पडद्यावर येतं: आजची मोफत मर्यादा संपली. ज्या कामाचा स्वभावच ‘करून बघा, नाही जमलं तर परत करा’ असा आहे, त्यात प्रयत्न मोजणारं दुकान मला मानवलं नाही.

विंडोजवर मी पीडीएफ२४ क्रिएटर वापरतो. मोफत आहे. दिसायला काही फार देखणं नाही, एका खिडकीत चिक्कार चौकोन मांडलेत. पण त्यातल्या कॉम्प्रेसच्या चौकोनात ‘मध्यम’सारखे शब्द नाहीत, आकडे आहेत: डीपीआय (म्हणजे एका इंचात ठिपके) किती, चित्राचा दर्जा किती, रंग ठेवायचा की ग्रे करायचं. आकडा थोडा हलवा, निकाल पाहा, परत हलवा. कुणी मोजत नाही. याच नावाची साइटही आहे आणि तिथे फाइल सर्व्हरवर जाते, तेव्हा इन्स्टॉल केलेलाच प्रोग्रॅम उघडलाय ना हे बघा.

या आकड्यांचं गणित एकदा समजलं की फारसं चाचपडावं लागत नाही. ए४ पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेल (चित्राचे ठिपके) होतात. डीपीआय १५० केलं की दोन्ही बाजू निम्म्या होतात आणि पिक्सेल एक चतुर्थांश उरतात. रंगीत पिक्सेलला तीन आकडे लागतात, ग्रेला एक. म्हणून मी आधी ग्रे करतो, मग डीपीआय उतरवतो आणि दर्जाला सगळ्यात शेवटी हात लावतो, कारण दर्जा फार उतरवला की अक्षरांभोवती मळकट ठिपके येतात. छापील मजकूर १५० डीपीआयला माझ्या डोळ्यांना नीट वाचता येतो. शंभरच्या खाली गेलं की बारीक टाइप हातचा जातो.

मॅकवाल्यांची गंमत अशी की मॅकमध्ये आधीपासूनच असलेल्या प्रीव्ह्यू ॲपमध्ये एक्स्पोर्ट करताना फाइल लहान करण्याचा फिल्टर मिळतो, पण तोही एकच. साइटबद्दलची माझी तक्रार तिथेही लागू. मॅक असो की लिनक्स, स्वतः टाइप केलेला मजकूर असेल तर लिबरऑफिस हा वर्डसारखा मोफत प्रोग्रॅम उत्तम: पीडीएफ एक्स्पोर्ट करतानाच चित्रांचा दर्जा आणि डीपीआय विचारतं. दुसऱ्याची पीडीएफ त्यात उघडून परत काढायला जाल तर ओळी सरकतात, फॉन्ट बदलतात. स्कॅन असेल तर ठीक. घोस्टस्क्रिप्ट, म्हणजे काळ्या खिडकीत कमांड टाइप करून चालवायचा मोफत प्रोग्रॅम, हे यातलं सगळ्यात ताकदवान, अख्खा फोल्डर एका कमांडमध्ये निघतो. त्याच्या तयार सेटिंग्जमध्ये ‘ईबुक’ म्हणजे १५० डीपीआय, ‘स्क्रीन’ म्हणजे ७२. काळ्या खिडकीची धास्ती वाटत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

काही ठिकाणी दोन्ही रस्ते सारखेच निरुपयोगी. टाइप केलेल्या मजकुराच्या पीडीएफमधून फारसं काही निघत नाही, ती मुळातच लहान असते. स्कॅनची झिप करूनही लाभ नाही, कारण आतली चित्रं बहुधा आधीच आवळलेली असतात. आणि जीमेलची मर्यादा २५ एमबी असली तरी पाठवताना अटॅचमेंट साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ च्या आत राहिलेलं बरं.

सगळ्यात जास्त जागा खरं तर स्कॅन करतानाच वाचते. मोबाइलच्या स्कॅन ॲपमध्ये ग्रे फिल्टर निवडा. फोटो जोडायचे असतील तर आधी स्क्वूशमधून काढा. ही वेबसाइटच आहे, पण सगळं काम ब्राउझरमध्येच होतं, चित्र कुठे अपलोड होत नाही, आणि दर्जाची पट्टी सरकवताना आधीचं-नंतरचं शेजारी शेजारी दिसतं. सगळ्या साइट्स अशा असत्या तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

सगळं काम मोबाइलवर असेल किंवा वर्डफाइल रोज करावी लागत असेल, तर योजनेचे पैसे बहुधा वाया जाणार नाहीत. बाकीच्यांनी वर्षाची रक्कम भरण्याआधी आपली सगळ्यात आडमुठी फाइल एकदा घरच्या प्रोग्रॅममधून काढून पाहावी: ग्रे, १५० डीपीआय, दर्जा ७०. तिथे अडलं तर साइट आहेच.